थंडीत समोरची काच आतून का धुरकटते, आणि एसीचा त्यात नेमका वाटा काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: गारठ्यात, त्यातही पाऊस असताना, चार माणसं गाडीत बसली की समोरची काच आतून पांढरी होते. नुसता हीटर लावला तर सुरुवातीला ते आणखी वाढतं. एसी लावला की काच साफ होते, पण गार नको म्हणून एसी बंद केला की अर्ध्या मिनिटात पुढचं दिसेनासं होतं. शेजारच्या सीटपुढचा गालिचाही थोडा दमट लागतो. मग थंडीत एसी चालवायचा का, आणि गाडीत काही बिघाड आहे का?

एसी चालवायचा. एकदा लावला की मुक्कामी पोहोचेपर्यंत तो बंद करायचा नाही, कारण तुमचा निम्मा त्रास तो मध्येच बंद करण्यातून येतो आहे. दमट गालिचा हे मात्र वेगळं प्रकरण आहे आणि तिथे बिघाडाची शक्यता बरीच आहे. त्याकडे पुढे येतो.

डॅशबोर्डमागे हवा कुठल्या क्रमाने जाते हे कळलं की बहुतेक गैरसमज दूर होतात. ब्लोअर बाहेरची किंवा आतली हवा ओढतो. ती आधी कूलिंग कॉइलमधून, म्हणजे इव्हॅपोरेटरमधून जाते. मग तिचा काही भाग किंवा सगळी हवा हीटर कोअरमधून जाते, ज्यात इंजिनचं गरम कूलंट फिरत असतं. त्यानंतर झडपा तिला काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे वळवतात. कूलिंग कॉइल आधी आणि हीटर नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. कॉइलवर हवा ३-४ अंशांपर्यंत गार होते, तिच्यातलं पाणी कॉइलवर जमून खालच्या नळीतून रस्त्यावर पडतं, आणि ती कोरडी झालेली हवा हीटर पुन्हा तापवतो. म्हणून एसी आणि हीटर एकाच वेळी लावणं म्हणजे एकाने दुसऱ्याचं काम बिघडवणं नव्हे. तापमानाचा नॉब लालकडे ठेवा, एसीचं बटण दाबा. कोरडी आणि ऊबदार हवा मिळेल. एसी लावला म्हणून थंडीत कुडकुडायची काहीच गरज नाही.

आता आकडे पाहू, कारण कुठल्या हवामानात काय चालेल हे त्यांच्यावरून लगेच कळतं. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावतं? ० अंशाला सुमारे ४.८ ग्रॅम, ५ अंशांना ६.८, १५ अंशांना १२.८, २० अंशांना १७.३, २५ अंशांना २३ ग्रॅम. काचेचा आतला पृष्ठभाग ज्या तापमानाला असेल त्या तापमानाच्या मर्यादेपेक्षा केबिनमधल्या हवेत जास्त बाष्प असलं की जादाचं पाणी काचेवर बसतं. हवा किती गरम आहे याने काही फरक पडत नाही. काच किती गार आहे आणि हवेत पाणी किती आहे, एवढ्यावर सगळं ठरतं.

शांत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसांचं मिळून मिनिटाला साधारण ३ ग्रॅम झालं. लहान गाडीची केबिन सुमारे ३ घनमीटर. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत घनमीटरमागे ५.४ ग्रॅम बाष्प असतं. गार काचेच्या मर्यादेपर्यंत फक्त १.४ ग्रॅमची सवलत उरते, म्हणजे संपूर्ण केबिनसाठी चार-सव्वाचार ग्रॅम. आतलीच हवा फिरवत ठेवली, म्हणजे रिसर्क्युलेशन चालू असलं, तर ही सवलत दीड मिनिटाच्या आतबाहेर संपते. हवा लवकर गरम व्हावी म्हणून बरेच जण थंडीत नेमकं हेच बटण दाबून ठेवतात, आणि काच धुरकटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं.

त्याच गाडीत बाहेरची हवा घ्या. मध्यम वेगावरचा ब्लोअर तासाला दीडशे-दोनशे घनमीटर हवा सहज ढकलतो. चार माणसांचं पाणी त्यात वाटलं गेलं की घनमीटरमागे सुमारे १ ग्रॅमच वाढतो: ५.४ चे ६.४. मर्यादा ६.८ ची, त्यात हीटरने काच थोडी तापवलेली. काच स्वच्छ राहते. कोरड्या कडाक्याच्या थंडीत एसीशिवायही भागतं ते यामुळे.

पाऊस असेल तर गणित उलटतं. बाहेर १५ अंश, हवा ओलीचिंब: घनमीटरमागे १२.८ ग्रॅम, आणि काचही १५ अंशांचीच. सवलत शून्य. बाहेरची हवा कितीही आत घ्या, माणसांनी टाकलेलं पाणी थेट काचेवर जाणार. इथे कूलिंग कॉइल ती हवा ४ अंशांपर्यंत उतरवते आणि घनमीटरमागे जेमतेम ६.४ ग्रॅम बाष्प शिल्लक ठेवते. निम्मं पाणी वाटेतच गळालं. साधारण ५ ते २० अंशांच्या दमट हवेत एसीला खरोखर पर्याय नाही, आणि नेमक्या याच हवेत लोक ‘एवढी थंडी आहे, एसी कशाला’ म्हणून तो बंद ठेवतात.

एसी बंद करताच काच एकदम पांढरी का होते, तेही यातूनच कळतं. एसी चालू असताना कॉइलच्या बारीक पत्र्यांमध्ये पाणी धरून असतं. एसीचा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर थांबला की कॉइल तापू लागते, आणि ब्लोअरची हवा ओल्या टॉवेलवरून वाहावी तशी तिच्यावरून वाहते. ते सगळं पाणी वाफ होऊन पुन्हा हवेत मिसळतं, आणि त्या हवेचा पहिला मुक्काम काचेवर. चालत्या गाडीत हे फार धोक्याचं आहे, कारण काच हळूहळू नाही, काही सेकंदांत आंधळी होते. म्हणून एसी चालू-बंद, चालू-बंद करत राहणं ही सगळ्यात वाईट पद्धत. बंद करावाच लागला तर आधी हवा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा, मागची एक खिडकी दोन बोटं उघडा, मग बटण दाबा आणि कॉइल सुकायला पाच-दहा मिनिटं द्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांतही हाच प्रकार होतो: इंजिन थांबतं, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर थांबतो, कॉइल तापते. अशा हवेत ती सोय बटणाने बंद करून ठेवा. काही गाड्यांत ‘इको’ लावलं की कॉम्प्रेसरला मुद्दाम कमी काम दिलं जातं. दमट गारठ्यात तेही नको.

गाडी सुरू करतानाचा माझा आग्रहाचा क्रम असा. इंजिन सुरू करा, बाहेरच्या हवेची झडप उघडी आहे याची खात्री करा, एसी लावा, नॉब पूर्ण गरमवर न्या. पहिला अर्धा मिनिट हवा पायांकडे आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. आदल्या दिवशीचं कॉइलवर आणि हवेच्या मार्गात राहिलेलं पाणी पहिल्या झोतात बाहेर येतं, ते काचेवर कशाला घ्यायचं? मग हवा समोरच्या काचेवर वळवा आणि ब्लोअर मध्यम ठेवा. कूलंट तापायला लागलं की वेग पूर्ण वाढवा. काच साफ झाली की वेग दोन टप्पे खाली, हवा काच आणि पाय अशी विभागून, एसी चालूच. बाजूच्या काचांसाठी डॅशबोर्डच्या टोकांच्या जाळ्या आरशांच्या दिशेने वळवा. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचं डिफ्रॉस्ट बटण दाबलं की बाहेरची हवा आणि कॉम्प्रेसर दोन्ही आपोआप चालू होतात, एसीचा दिवा लागलेला नसला तरीही. त्या बटणावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

पारा ४ अंशांच्या खाली गेला की मात्र एसीकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिचा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असेल तर तो कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. एसीतल्या आर-१३४ए गॅसचा स्थिर दाब ० अंशाला गेजवर सुमारे १.९ बार उतरतो, आणि कमी दाबाचा स्विच बऱ्याच गाड्यांत २ बारच्या आसपास कॉम्प्रेसर बंद करतो. बटणाचा दिवा लागलेला दिसतो, कॉम्प्रेसर मात्र उभा असतो. हा बिघाड नव्हे. त्या थंडीत बाहेरच्या हवेतच पाणी इतकं कमी असतं की बाहेरची हवा, गरम हीटर आणि भरपूर ब्लोअर पुरतो. शून्याखाली एसी ‘चालत नाही’ म्हणून गॅस भरून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आता बिघाडांकडे. हे सगळं नीट करूनही काच धुरकटत असेल तर गाडीत पाणी कुठून तरी येतं आहे, किंवा हवा नीट वाहत नाही.

तुमच्या बाबतीत दमट गालिच्यापासून सुरुवात करा. वरची मॅट काढून गालिचा अंगठ्याने जोरात दाबा. वर कोरडा वाटणारा गालिचा खालच्या फोममध्ये काही लिटर पाणी धरून असू शकतो, आणि गाडी तापली की तेच पाणी हवेत येतं. ओल सापडली तर ते पाणी साधं आहे की कूलंट, हे आधी ठरवा. पांढरा कागदी रुमाल दाबून बघा. रंग हिरवा, गुलाबी किंवा निळसर, स्पर्श चिकट-बुळबुळीत, वास गोडसर असेल तर हीटर कोअर गळतो आहे. अशा गाडीत काचेवरची वाफ पुसली की मागे तेलकट थर राहतो आणि कूलंटच्या टाकीतली पातळी आठवड्या-पंधरवड्यात खाली जाते. कूलंटच्या यंत्रणेला पंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन तो टिकतो का हे बघितलं की खात्री होते. नवा कोअर बसवेपर्यंत हीटरच्या दोन होजपाइप एकमेकींना जोडून गळती थांबवता येते. पण मग हीटर मिळणार नाही, आणि थंडीत ती तडजोड एक-दोन दिवसांपुरतीच ठीक. इथे चालढकल करू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि पातळी उतरत गेली तर इंजिनही तापून बसतं.

पाणी साधं असेल तर पहिला संशय एसीच्या पाण्याच्या नळीवर. बोटाएवढी जाड रबरी नळी डॅशबोर्डखालून इंजिनाकडच्या पत्र्यातून बाहेर निघते. माती, पानांचा चुरा किंवा किड्यांनी ती बुजली की पाणी कॉइलच्या डब्यात साठतं आणि शेजारच्या सीटपुढे उतरतं. वळणावर डॅशबोर्डमागून पाणी डचमळल्याचा आवाज आला तर जवळजवळ नक्कीच हेच. गाडी सुरक्षित उचलून नळीचं तोंड बोटाने मोकळं करा, गरज पडली तर मऊ प्लास्टिकची बारीक नळी दहा-बारा सेंटिमीटर हळुवार आत सरकवा. टोकदार तार नको, कॉइल फुटेल. गॅरेजमधल्या हवेच्या पंपाचा पूर्ण दाबही नको, नळी आतल्या बाजूने निसटते आणि मग सगळं पाणी आत.

दुसरी जागा म्हणजे वायपरच्या खालचा, प्लास्टिकच्या जाळीखालचा खड्डा. तिथे कोपऱ्यांत पाणी जायची भोकं असतात. पानांनी ती तुंबली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट आत येतं. एसी फिल्टर काढलात आणि तो ओला निघाला तर इथेच बघा. त्यानंतर दरवाजाच्या आतला प्लास्टिकचा पडदा, रबरी बीडिंग, सनरूफच्या नळ्या आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा. स्टेपनीखाली साठलेलं पाणी महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. गळती कुठलीही असो, ती बंद केल्यावर गालिचा उचलून खालचा फोम पूर्ण सुकवणं सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं वरून पुसलं तर तीच वाफ पुढचे कित्येक दिवस येत राहते.

हवेच्या वाटेबद्दल. एसी फिल्टर वर्षातून एकदा किंवा १०-१५ हजार किलोमीटरला बदला. त्यावरचा बाण हवेच्या दिशेला हवा. रिसर्क्युलेशनची झडप अडकली आहे का, हे कानानेही कळतं: ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून बटण दाबा, आतली हवा घेताना आवाज स्पष्ट मोठा होतो. आवाज बदलत नसेल, किंवा डॅशबोर्डमागून टक-टक येत असेल, तर झडपेची छोटी मोटर किंवा तिचा प्लास्टिक गिअर गेला. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्स खाली सोडला की झडप डोळ्यांनी दिसते. आणखी एक जागा मेकॅनिकही विसरतात. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला मागच्या बंपरआड किंवा डिकीच्या बाजूला रबरी पाकळ्यांच्या खिडक्या असतात. डिकीत सामान कोंबून किंवा पत्राकामात त्या झाकल्या गेल्या तर ब्लोअर कितीही जोरात लावा, हवा पुढे सरकत नाही. एक खिडकी किंचित उघडताच काच साफ व्हायला लागली तर या पाकळ्या तपासा.

हीटर कोमट असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बघा. तो सुमारे ८२ ते ८८ अंशांना उघडायला हवा. उघडा अडकला तर इंजिनच्या तापमानाचा काटा मोकळ्या रस्त्यावर खाली घसरतो आणि काचेला पुरेशी ऊब मिळत नाही.

एसी खरोखर चालतो का हे थंडीत तपासायचं तर १०-१२ अंशांपेक्षा उबदार दिवस किंवा गरम गॅरेज निवडा. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरचा बटण दाबताच खट्ट आवाज येतो आणि पुढची चकती फिरू लागते. क्लच नसलेल्या, क्षमता बदलणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये असं काही दिसत नाही. तिथे स्कॅनरवर गॅसचा दाब आणि कॉइलचं तापमान वाचा. दमट दिवशी दहा मिनिटांत गाडीखाली पाणी टपकायला हवं. इंजिन बंद असताना गेजवर २० अंशांना ४.७ बारच्या आसपास दाब दिसला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं समजू नका. आत थोडा द्रव उरला असेल तरी दाब तेवढाच दिसतो. प्रमाण कळतं ते सगळा गॅस यंत्राने काढून तोलल्यावर. लहान-मध्यम गाड्यांत तो ४०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास असतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला तर गळती आहे. ती शोधल्याशिवाय वरून भर घालणाऱ्याकडे गाडी देऊ नये. आणि हिवाळाभर एसी पूर्ण बंद ठेवणं कॉम्प्रेसरला बाधतं: तेल गॅसबरोबरच फिरतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांतून दहा मिनिटं तरी शाफ्टच्या सीलपर्यंत पोहोचायला हवं.

काच स्वतःही स्वच्छ हवी. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ, धूर आणि हाताचं तेल यांचा थर बसतो आणि पाणी त्यावर बारीक थेंबांनी चिकटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबर कापड, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसणं, एवढं महिन्यातून एकदा पुरतं. फिल्म लावलेल्या काचेवर अमोनियाचं क्लीनर वापरू नका. चालवताना तळहाताने पुसणं टाळा. तेलाचे पट्टे राहतात आणि समोरून दिवे आले की तिथेच चकाकतं. वाफ न धरू देणारे द्रव पाण्याचा सपाट थर बनवतात, ते चालतात, पण थर जाड झाला तर रात्री चित्र हलतं आणि दर काही दिवसांनी पुन्हा लावावे लागतात. सिलिका जेलची अर्ध्या किलोची पिशवी फार तर दीडशे-दोनशे ग्रॅम पाणी शोषते. चार माणसं तेवढं तासाभरात सोडतात. उभ्या गाडीत रात्रभर ठेवायला ती उपयोगी, प्रवासात नाही. बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, काच तडकते.

मागच्या काचेवरच्या तारा १० ते २० अँपिअर घेतात आणि टायमर त्यांना दहा-पंधरा मिनिटांनी बंद करतो. कुठली तार तुटली आहे हे काच धुरकट असतानाच बघा: ज्या रेषेभोवती वाफ तशीच राहते ती तुटलेली. नेमकी जागा मल्टिमीटरने सापडते. काळी वायर गाडीच्या पत्र्याला, लाल टोकाला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून ते तारेवरून सरकवा. आकडा १२ व्होल्टपासून हळूहळू उतरत जायला हवा. जिथे एकदम उडी मारतो तिथे तुटलं आहे. ती जागा अल्कोहोलने पुसून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून चांदीयुक्त वाहक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, दोन्ही टोकांवर ५ मिलिमीटर चढवून. चोवीस तास सुकू द्या, मगच स्विच लावा.

विजेच्या गाड्यांत कूलिंग कॉइलचं काम अगदी हेच, फक्त कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो आणि इंजिनची फुकट ऊब नसते. रेंज वाचवायला हीटर बंद आणि रिसर्क्युलेशन चालू ठेवलं की काच लगेच धुरकटते. गाडी चार्जरला लावलेली असतानाच केबिन आणि काच तापवून घ्या. प्रवासात मग बाहेरची हवा, एसी आणि थोडी ऊब एवढ्यावर भागतं, आणि सीटचा हीटर असेल तर केबिनचं तापमान दोन-तीन अंश खाली ठेवूनही कोणाला गार वाटत नाही.